मी पाण्यात टाकलेले तीन लगाम

आमच्या तबेल्यात शिकाऊ माणसाच्या हातात पहिले पंधरा दिवस लगाम देत नसत. हा नियम आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते रिसाल्यात दफेदार होते. मांडीत गोळी घेऊन परत आल्यावर त्यांनी लोणावळ्यात, भुशीकडे जाणाऱ्या रस्त्याला, अकरा घोड्यांचा तबेला उभा केला. मुंबईहून बंगल्यांवर येणारी मंडळी घोडे भाड्याने नेत आणि त्यांच्या बायकामुलांना बसायला शिकायचं असे. बायकांना पुरुषाने शिकवलेलं त्यांच्या घरी चालत नसे, म्हणून ते काम सोळाव्या वर्षी माझ्याकडे आलं. शिकणाऱ्याला हाताची घडी घालून बसवायचं, घोड्याला लांब दोर लावून गोल फिरवायचं, आधी चालत आणि मग दुडकीने. जो पडत नाही त्याला लगाम. घाबरलेला माणूस हाताला येईल ते ओढतो, आणि लगाम ओढला की तो घोड्याच्या तोंडात रुततो. आधी मांड्यांनी बसायला शिका, हातांचं मग बघू, असं आबा सगळ्यांना सांगत. मग तो सॉलिसिटर असो की सॉलिसिटरची मुलगी.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मामांचा पुण्यात पायाने चालवायचा छापखाना होता. जास्त शाई लागलेले, तिरके छापले गेलेले कागद ते आईकडे डाळी-मसाल्याच्या पुड्या बांधायला पाठवत. आई पुडी सोडायची आणि मी कागद सरळ करून वाचायची. दारूबंदी, खादी, विधवांचं शिक्षण, मुक्या जनावरांवर दया. गोष्टीचं पुस्तक मी पंधराव्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ही एकतर अन्याय असते किंवा त्यावरचा उपाय, असं मला वाटे. अजूनही बरंचसं वाटतं.

आमच्या तबेल्यातला अन्याय खुंटीला टांगलेला होता. तीन काटेरी लगाम. घोड्याच्या तोंडात जाणाऱ्या सळईला आतून बोरीच्या काट्याएवढे लोखंडी दात. तोंड कठीण झालेल्या घोड्याला, म्हणजे साधी सळई ज्याला जाणवतच नाही अशा घोड्याला, तो घालत. टांग्याच्या अड्ड्यावर तर निम्म्या घोड्यांच्या ओठांच्या कडा कायमच्या फाटलेल्या असत. मी त्यावर एक पत्रक लिहिलं, मामांनी ते छापलं आणि मी ते अड्ड्यावरच्या पिंपळाला खळीने चिकटवलं. तोंडात काटे घालून जनावराला थांबवणाऱ्यांनी परक्या सत्तेविरुद्ध बोलू नये, असं त्यात होतं. टांगेवाल्यांना वाचता येत नव्हतं. ज्याला येत होतं त्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्याने निघाले की कोणीतरी आपल्या घोड्याला हात जोडून म्हणायचं, "राव, आज स्टेशनापर्यंत जाल का? मर्जी आसंल तर."

आबांनी मात्र माझं ऐकलं. काटेरी लगाम वापरायचा नाही, असं ठरलं. पण लगाम खुंटीवरच राहिले, कारण आमचे मोतद्दार ते काढू देईनात. त्यांना मी चाचा म्हणत असे. ते मावळातलेच, परंदवडीकडचे. आबांच्या रिसाल्यात त्यांनी तीस वर्षं घोडे सांभाळले होते आणि आबांबरोबरच परत आले होते. ते म्हणाले, "वापरू नगा. पर हाताशी आसू द्या. आठा-आठवड्यात येक दिस लागतो." मला ते पटलं नाही. चैत्रात एका सकाळी मी तिन्ही लगाम ओच्यात घेतले, भुशीच्या धरणावर गेले आणि एकामागून एक पाण्यात फेकले. चाचांनी मोकळी खुंटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि आबांना काही सांगितलं नाही. मी जिंकले, असं मला वाटलं.

त्याच महिन्यात बाई आल्या.

त्या पस्तिशीच्या, विधवा. पुण्याच्या दवाखान्यात दीड वर्ष राहून सुईणपण शिकलेल्या. आमच्या तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांसाठी सरकारी सुईण नेमायची होती. आधीची बाई पहिल्याच पावसाळ्यात निघून गेली होती, कारण पावसात तिकडे बैलगाडी जात नाही आणि चालत जाईपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी अट घातली होती की नव्या बाईने घोड्यावर बसायला शिकावं. ज्येष्ठात एक दिवस ठरवून त्या एकट्याने भाज्यापलीकडच्या वाडीपर्यंत जाऊन परत येतात का ते बघायचं. आल्या तर जागा त्यांची. नाही तर दुसरी कोणीतरी. बाईंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं की ही जागा गेली तर त्यांना सासरच्या घरी, दिरांच्या स्वयंपाकघरात परत जावं लागेल. मुलीची शाळाही तिथेच थांबेल. हे त्यांनी रडत सांगितलं नाही. खरारा कसा धरायचा हे विचारावं तसं सांगितलं.

त्या घोड्याला भीत होत्या. घोड्याने नाक फुरफुरलं की त्यांचा हात पदराकडे जाई. पण नऊवारीचा काचा घट्ट मारून त्या बसत, त्यामुळे मुंबईच्या गोल साडीतल्या बायकांपेक्षा त्यांची मांड लवकर जमली. दोरीवर अठराव्या दिवशी हाताची घडी घालून त्या दुडकीने तीन फेऱ्या बसल्या. उतरल्यावर त्या कुंपणाला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अगं पोरी, पहिलटकरणीला मी सांगते, घाबरू नकोस म्हणून. किती खोटं बोलते मी."

रस्त्यावर घेऊन गेले तेव्हा अड्ड्यावरच्या टांगेवाल्यांना नवीन विषय मिळाला. एकजण ओरडला, "सुईण घोड्यावर पोचंस्तवर पोर चालाया लागंल." बाईंनी घोडा थांबवला. थांबवणं तेव्हा त्यांना नुकतंच जमायला लागलं होतं. "तुझ्या वेळी मी असते," त्या म्हणाल्या, "तर चेहरा बघून परत आत ढकलला असता." अड्डा इतका हसला की त्या दिवसापासून बाईंना कोणी काही बोललं नाही. मला हात जोडणं मात्र चालूच राहिलं.

त्यांच्यासाठी घोडा मी निवडला. आमच्याकडे एक पंधरा वर्षांचा कुमाईत होता. गडद तांबडं अंग, काळी आयाळ. पूर्वी पुण्याला लग्नाच्या वरातीत असल्यामुळे बँड, फटाके, गर्दी कशालाच न बिचकणारा. तो खाली वाकलेल्या माणसाच्या टोपीला हळूच तोंड लावून बघायचा. घाबरट शिकाऊंना आम्ही तोच देत असू. पण त्याला एक खोड होती. घराकडे तोंड झालं आणि पुढे दुसरा घोडा नसला की तो चालायचा थांबून पळायला लागे, आणि त्याचं तोंड वरातवाल्याने काट्यांनीच मारून टाकलेलं होतं. साध्या सळईचं त्याला काही वाटत नसे. त्याला काटेरी लगामच कळतो, असं चाचा म्हणत. चाचांचं म्हणणं होतं की बाईंना तपकिरी घोडी द्यावी. घोडी चांगली होती, पण तिला हलक्या हाताची सवय होती आणि ती कान मागे टाकून सारखी आजूबाजूला बघायची. बाई तिच्यावर बसल्या की दोघी एकमेकींना भीत. मी म्हटलं, कुमाईतच. चाचा म्हणाले, मग दुसरा लगाम कुटनं आनू? त्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, पण मला तो टोमणाच वाटला.

वैशाखात दोनदा कुमाईत माझ्या हातून सुटला. बाईंच्या नव्हे, माझ्या. मी त्याला एकटीने फिरवून आणत होते. एकदा वळवणच्या तळ्याजवळून आणि एकदा कार्ल्याच्या फाट्यावरून तो तबेल्यापर्यंत पळत आला. मला घोडा कळत होता, म्हणून मी एका बाजूचा लगाम हळूहळू आत घेत त्याला गोल वळवलं आणि दुसऱ्या गोलात तो थकला. हे मी कोणाला सांगितलं नाही. आबांना सांगितलं असतं तर काटेरी लगाम परत आला असता. चाचांना सांगितलं असतं तर ते बरोबर ठरले असते. आणि बाईंना सांगितलं असतं तर त्या पुन्हा त्याच्यावर बसल्या नसत्या, असं मी स्वतःला समजावलं. म्हणून मी दर धड्याला घरी येताना दुसऱ्या घोडीवर त्यांच्या पुढे राहत असे. त्यांना वाटायचं शिक्षिका म्हणून मी पुढे असते. आणि गोल वळवण्याचा तो धडा, सुटलेल्या घोड्याचे दोन्ही लगाम न ओढता एकच ओढायचा हा धडा, मी त्यांना शिकवलाच नाही. शिकवला असता तर त्यांनी विचारलं असतं, का?

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर आमच्या टांग्यातून निघाले. टांगा चाचा हाकत होते. बाई कुमाईतावर आणि मी घोडीवर, त्यांच्या पुढे. ज्येष्ठाचे पहिले दिवस, पाऊस अजून नव्हता, भाताच्या खाचरांत राब भाजून झालेले काळे चौकोन होते. मळवलीच्या रेल्वे फाटकापाशी डॉक्टरांनी टांगा सावलीत उभा करायला सांगितला. इथून पुढे बाई एकट्या जातील, असं ते म्हणाले. भाज्यातून पुढे वाडीवर जायचं, तिथल्या पाटलाची चिठ्ठी घ्यायची आणि परत यायचं. आणि मी काय करू, असं मी विचारलं. तुम्ही इथंच, त्यांनी घड्याळ काढत सांगितलं. बाळंतिणीकडे जाताना त्यांच्यापुढे मास्तरीण जाणार आहे का?

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. एकट्याने, ही अट मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते. पण एकट्याने जाणं एवढंच मी ऐकलं होतं. एकट्याने घराकडे परत येणं मी ऐकलं नव्हतं. कुमाईत रूळ ओलांडून पलीकडे गेला तेव्हा बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पाठ ताठ केली, कारण मी त्यांना रोज सांगत असे की घाबरलात तर पाठ ताठ करा. त्याच क्षणी मला सगळं दिसलं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की डॉक्टर, थांबा, घोडा बदलायचा आहे. घोडी तिथेच होती. पण मग डॉक्टर विचारणार, का? त्यांच्या हातात बाईंचा निकाल होता आणि आमच्या घोड्यांच्या परवान्यावरही त्यांचीच सही लागत असे. मी घोडीच्या मानेवरची माशी हाकलली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. डॉक्टर चाचांशी घोड्यांच्या पोटशुळाबद्दल बोलत होते. मी भाज्याच्या रस्त्याकडे बघत होते. मग बाई दिसल्या. खाचरांच्या मधून, अजून लहान, दुडकीने. चिठ्ठी घेऊन येत होत्या. डॉक्टर उठून म्हणाले, वा. फाटकवाल्याने फाटक लावलं. पुण्याकडून मालगाडी येत होती.

कुमाईताने मान खाली घातली ती मी पाहिली. त्यानंतर त्याच्या पायांचा आवाज बदलला. चारही पाय एकदम पडायला लागले. बाई मागे रेलल्या आणि त्यांनी दोन्ही लगाम पूर्ण ताकदीने ओढले. कोणीही ओढेल. दोन्ही ओढले की घोड्याला टेकायला आधार मिळतो आणि तो आणखी जोरात जातो. मी ओरडत होते, एक, एकच ओढा, एकच. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, कारण गाडी आली होती. कुमाईत सरळ लावलेल्या फाटकाकडे येत होता. मग इंजिन मध्ये आलं आणि पलीकडचं काही दिसेनासं झालं.

डबे जात राहिले. दोन डब्यांच्या मधल्या फटीत पलीकडचा रस्ता चमकून जाई आणि त्यात काहीच धरता येत नसे. चाचा टांग्यावरून उतरून फाटकाला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते डबे मोजत होते.

गाडी गेली. कुमाईत पलीकडच्या फाटकाला छाती लावून उभा होता, तोंडाला फेस, एक लगाम तुटलेला. शेवटच्या दोन हातांवर तो आपणहून थांबला होता आणि बाई त्याच्या मानेवरून पुढे फेकल्या गेल्या होत्या. त्या खडीवर पाय पसरून बसल्या होत्या. हनुवटी फुटली होती आणि रक्त चोळीवर गळत होतं. त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एक एक करून वाकवून बघत होत्या. मग उजव्याने डाव्याची.

"बोटं हलताहेत," त्या म्हणाल्या. सुईणीला बाकी कशाची काळजी नसावी.

डॉक्टरांनी हनुवटी पाहिली, मनगट पाहिलं, मोडलेलं नाही म्हणाले. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी खिशातून वही काढली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना पावसाळ्यात वाडीवर पोचणारी बाई हवी होती, एवढंच.

"घोडा तुमच्या हातात नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता," बाई म्हणाल्या.

त्यांनी पेन्सिल काढली. तेव्हा चाचा पुढे झाले. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती. "सायेब, चूक माजी हाय. लगाम म्या चढिवला. ह्याला दुसरा लागतुया."

"मग दुसरा का नाही चढवलात?"

"इसरलो."

चाचा तीस वर्षांत एक पट्टाही विसरले नव्हते. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. ते म्हणाले की मोतद्दारच इतका गाफील असेल तर प्रश्न वेगळा आहे. अशा माणसाला घोड्यांजवळ ठेवता येणार नाही, तसं मी दफेदारांना कळवीन, मग बाईंचं बघू. चाचांनी मान हलवली. म्हणजे ते कबूल करून बसले. बाईंना पुन्हा संधी मिळणार होती, तबेला वाचणार होता आणि मीही. जायचे होते फक्त चाचा.

खरं बोला, हे मी शंभर पत्रकांत वाचलं होतं आणि एकात लिहिलंही होतं. पण ती सगळी पत्रकं दुसऱ्यांना उद्देशून असतात. त्या दिवशी मला तोंड उघडायला जितका वेळ लागला त्याची मला आजही चीड येते.

मी सांगितलं की चाचा विसरले नाहीत. काटेरी लगाम मी धरणात टाकले. हा घोडा द्यायचं मी ठरवलं आणि हा घोडा घराकडे पळतो हे मला ठाऊक होतं.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"वैशाखापासून. दोनदा माझ्या हातून सुटला होता."

बाई तोवर हनुवटीवरची पट्टी दाबून धरून कुमाईताकडे बघत होत्या. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या उठून टांग्याकडे गेल्या. पायरीवर पाय ठेवून थांबल्या.

"पडले त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पडायची तयारी ठेवूनच रोज येत होते. पण माझ्या खाली काय बांधून दिलंय, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत."

'अगं पोरी'चं आता 'तुम्ही' झालं होतं.

डॉक्टरांनी निकाल लिहिला तो असा. बाईंना पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवायचं, पण आमच्या तबेल्याचा घोडा नको. आणि पाऊस संपेपर्यंत आमचे घोडे भाड्याने द्यायचे नाहीत. आबांनी तो कागद वाचला आणि घडी घालून ठेवला. रात्री जेवताना म्हणाले की खोटं बोलणाऱ्या स्वारापेक्षा अर्धं सांगणारा स्वार पलटणीचं जास्त नुकसान करतो, आणि उद्यापासून मी कोणालाही शिकवायचं नाही. पावसाळ्याआधी चार घोडे विकावे लागले. तपकिरी घोडी त्यांत गेली. कुमाईत गेला नाही. त्याची खोड सांगितल्याशिवाय तो विकायचा नाही असं आबांनी ठरवलं होतं आणि सांगितल्यावर कोणी घेईना.

बाईंनी चाचांना विचारलं, तुम्ही शिकवाल का? चाचांनी भाज्याच्या एका गवळ्याचं तट्टू मिळवलं. बुटकं, पोटाने मोठं, रोज दुधाच्या चरव्या घेऊन मळवलीला येणारं. माझ्या हद्दपारीतून मी ते कुंपणाबाहेरून बघत असे. चाचांची शिकवण्याची पद्धत म्हणजे ते घोड्याशी बोलत आणि बाई ऐकत. आपल्या तट्टूला काटेरी लगाम घालायचा, हे बाईंनीच ठरवलं. मला ते चाचांकडून कळलं. लगाम मी ओढणार नाही, पण ओढावा लागला तर ते थांबलंच पाहिजे, असं त्या म्हणाल्या म्हणे. चाचांनी तो माझ्या त्या अड्ड्यावरूनच आणला होता. पंधराव्या दिवशी बाई वाडीला जाऊन परत आल्या आणि जागा त्यांना मिळाली. मला कोणी मुद्दाम कळवलं नाही. अड्ड्यावर पेढे वाटले तेव्हा कळलं.

मला काटेरी लगाम तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. आठ वर्षं झाली, मी त्याविरुद्ध अजून लिहिते. पण कुमाईताच्या तोंडातला काटा मी पाण्यात फेकला तेव्हा त्याला दुसरं काही शिकवायला सहा महिने लागतील, हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं, कारण मला ते कबूल करायचं नव्हतं. तो सबंध पावसाळा मी त्याला चिखलात एकेरी लगामावर वळवत होते. तबेल्याकडे तोंड, दहा पावलं, गोल. पुन्हा दहा पावलं, गोल. आश्विनापर्यंत तो साध्या सळईवर वळायला लागला. थांबायला नाही. वळायला.

श्रावण उतरत असताना एका दुपारी बाई तबेल्यात आल्या. अंगावर घोंगडीची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, तट्टू हाताने ओढत आणलेलं. त्या आधी चाचांकडे गेल्या, मग आबांकडे, आणि मग आबांनी मला हाक मारली.

दोन दिवसांपूर्वी वाडीकडे जाताना ओढ्याच्या काठावर बाईंना उतरावं लागलं होतं. तट्टूच्या पायात वेल अडकली होती. वेल काढली, पण परत चढता येईना. आजवर चढताना चाचा किंवा गवळी दुसऱ्या बाजूची रिकीब धरून उभा असे, नाहीतर दगड तरी असे. तिथे चिखल होता आणि बाई बुटक्या. दोन मैल त्या तट्टूच्या शेजारून चालत गेल्या. पोचल्या तेव्हा पोर झालं होतं आणि बाळंतीण थंडीने काळीनिळी पडली होती. वाचली ती. शेजारणीने विस्तव केला होता म्हणून वाचली.

"चाचा म्हणतात, बाईमाणसाने एकट्याने चढायचं नसतं, रिकीब धरणारा हवाच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला येतं ना, कोणी न धरता?"

येतं, मी म्हटलं. आणि विचारलं, माझ्याकडून चालेल का?

त्यांनी खोळ काढून कुंपणावर टाकली. हनुवटीवरचा व्रण पांढरा झाला होता. "आधी या तट्टूत काय काय वाईट आहे ते सांगा. सगळं. मग बघते."

मी तट्टूभोवती फिरले. त्याचे चारही पाय उचलून पाहिले, पट्टा सोडून पुन्हा बांधला, दात पाहिले, काट्यांपाशी माझा हात थांबला तो त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या की तो विषय नको. मग मी सांगितलं. पट्टा आवळताना हे पोट फुगवतं, त्यामुळे चढल्याबरोबर खोगीर तुमच्याकडे सरकेल, दहा पावलांनी पुन्हा आवळायचा. मागचा उजवा नाल सैल आहे. डाव्या डोळ्याने त्याला कमी दिसतं, त्या बाजूने एकदम हात नेला तर चावेल. आणि चढताना, पाय रिकिबीत गेला की ते थांबणार नाही, चालायला लागेल. गवळ्याने त्याला तसंच शिकवलंय.

"थांबवता येईल?"

"आठवड्यात नाही. तुम्हाला चालत्या घोड्यावर चढायला शिकावं लागेल."

बाईंनी आयाळ मुठीत धरली, डावा पाय रिकिबीत घातला. तट्टू लगेच निघालं. त्या एका पायावर तीन उड्या मारत त्याच्याबरोबर गेल्या आणि चिखलात बसल्या. उठल्या, काचा आवळला आणि तट्टूला पुन्हा जागेवर आणलं.